गौरीच्या आराशीतली सीतेची वेणी

बाबा लाकडाच्या वखारीत कारकून होते. कोकणातून गलबतांनी ओंडके येत, तेव्हा सालीला चिकटलेली झाडं कित्येकदा तशीच असत. वखारीतले लोक त्यांना बांडगुळं म्हणत आणि खरवडून जाळत. माझ्या हट्टापायी बाबांनी त्यांतली काही रुमालात बांधून गिरगावात घरी आणली.

ती बांडगुळं नव्हती. बांडगूळ झाडाचा रस पितं. ही झाडं फांदीवर नुसती बसतात आणि हवेतली ओल मुळांनी टिपतात. आमच्या शाळेतल्या मडमेच्या व्हरांड्यात अशीच टांगलेली होती, त्यांच्याकडे मी रोज शाळा भरण्याआधी आणि मधल्या सुट्टीत पाहत असे. विचारायचं धाडस कधी झालं नाही. मडम सकाळी पाणी शिंपडत, दुपारी कधीच नाही, आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की फडक्यानं टिपून घेत. एवढं बघूनच मी शिकले.

आमच्या अंगणात जुना चाफा होता. त्याच्या दुबेळक्यात मी त्यांतलं सगळ्यात मोठं झाड काथ्यानं बांधलं, वेणीसारखा फुलांचा घोस लोंबणारी सीतेची वेणी, खालच्या फांद्यांना लहान झाडं, आणि विहिरीच्या कठड्यावर करवंट्यांत नेचे. मोठी पानं वर, बारीक खाली, म्हणजे दिंडी दरवाजातून आत येणाऱ्याची नजर आपोआप चाफ्यावर चढे. दोन पावसाळे गेले. मुळांनी चाफ्याची साल घट्ट धरली. त्या चैत्रात रुपेरी मुळांना हिरवी टोकं फुटली आणि पानांच्या बगलेत फुलाचा पहिला दांडा दिसू लागला. मी आईलासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं की घरात दहा जण हात लावून बघतात.

घरातल्या थोरल्या काकूंना मात्र ती झाडं बघवत नसत. "मातीवाचून उपाशी टांगलीयत बिचारी," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांच्या मनात दया होती, हे मी नाकारत नाही. पण दया करण्याआधी विचारायचं असतं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी मी शाळेतून आले तर चाफा उघडा. काथ्याचे तुकडे खाली पडलेले, सालीवर तुटलेल्या मुळांच्या पांढऱ्या रेघा. माजघरात काकूंनी गौरीपुढे डोंगर रचला होता. परातीत चिखल, चिखलात माझी झाडं गळ्यापर्यंत रोवलेली. शेजारी तांब्या. येणारी प्रत्येक बाई झाडांवर ओंजळभर पाणी घाली, काकू तिच्या हाताला अत्तर लावीत आणि म्हणत, आता कशी तृप्त झालीत बघा. अक्षय्यतृतीयेपर्यंत डोंगर असाच ठेवणार, असंही त्यांनी जाहीर केलं. त्या उकाड्यात आठवडाभरही झाडं तगली नसती.

मी दारात उभी होते. आईनं डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा. मी आयुष्यभर तेच करत आले होते. शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी मी. पन्हं प्यायला बसलेल्या बायकांमधून वाट काढत मी परातीपाशी गेले, खाली बसले आणि चिखलात हात घातला.

"अगं, हे काय करतेस? देवीपुढचं आहे ते," काकू म्हणाल्या.

"काकू, ती बुडतायत."

"बुडायला ती काय माणसं आहेत? मडमेच्या शाळेत हेच शिकवतात वाटतं, गौरीपुढचं उचलायला."

कोणीतरी हसलं. एक मावशी पदराआडून म्हणाल्या की, हिला सून म्हणून नेणाऱ्यांनी आधी अंगण बघून घ्यावं. मी एकेक झाड सोडवून ओच्यात घेत होते. सीतेच्या वेणीचा दांडा मोडला होता. तोही ओच्यात घेतला.

अंगणात मुळं धुऊन सावलीत पसरली, आणि दिवेलागणीच्या आत सगळी पुन्हा बांधली. आतून काकूंचा आवाज येत होता. त्या रडत होत्या आणि बायका त्यांची समजूत घालत होत्या. माझी समजूत घालायला कोणी आलं नाही.

बाबा आले. सगळं ऐकून घेऊन त्यांनी पगडी खुंटीला लावली. मला वाटलं, ते तरी विचारतील, झाडं जगतील का. ते म्हणाले, "वहिनींचं मन मोडलंस. यापुढे वखारीतून मी काही आणणार नाही."

बरीचशी जगली. सीतेची वेणी त्या वर्षी फुलली नाही. काकूंची मी माफी मागितली नाही, आणि कोणी माझी मागावी हे तर घरात कोणाच्या मनातही आलं नाही. बाबा अजून रोज वखारीत जातात. ओंडके येतात, खरवडले जातात, शेकोटी पेटते. संध्याकाळी त्यांच्या अंगरख्याला धुराचा वास येतो. मी त्यांना पाणी देते, आणि आज काय जाळलं ते विचारत नाही.