टोपलीखालचं पाऊल

देवखेडीत चोरी होत नाही, असं सरकारच्या कागदात तीन वर्षं लिहिलेलं होतं. त्याच तीन वर्षांत देवखेडीतनं लक्ष्मणची बैलजोडी गेली, रमा कुंभारणीच्या भिंतीला भगदाड पाडून भांडी गेली आणि मारुतीच्या देवळातली पितळी घंटा गेली. मारुती तेवढा राहिला, तोही जड होता म्हणून.

मग पौषातल्या एका पहाटे गंगूबाई पांढरेची म्हैस गेली.

गंगूबाईचा आजा होळकरांच्या रिसाल्यातला. रिसाला मोडला, घोडं गेलं, बेटम्याच्या बाजूला चार बिघे काळी जमीन राहिली आणि घरात एक नजर राहिली. जमिनीवरचं पाऊल वाचायची. आज्याकडनं ती बापाकडं आली आणि बापाला मुलगा नव्हता म्हणून गंगूबाईकडं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, पोटी मूल नव्हतं. कुणाचं वासरू चुकलं की गाव म्हणायचं, "गंगूबाईला बोलवा रे." ती कमरेवर हात ठेवून खाली बघत चालायची आणि सांगायची, गाय गाभण आहे, उजव्या पायानं अधू आहे, ओढ्याकडं गेली आहे. लोक ओढ्याकडं जायचे, गाय तिथंच असायची.

त्या पहाटे गोठ्यात दावं कापलेलं लोंबत होतं. भुरी नव्हती. गंगूबाई रडली नाही. तिनं पदर खोचला आणि माग धरला. भुरीच्या पुढच्या उजव्या खुराचा टवका उडालेला, त्यामुळं तिचा माग आंधळ्यानंही चाचपून ओळखावा असा. तो माग गल्लीतनं निघाला आणि थेट पोलीस चौकीच्या दारावरनं गेला.

चौकी म्हणजे एक खोली, एक खाट, एक शिपाई. शिपाई त्या रात्री चौकीत झोपला होता की बेटम्याला सासुरवाडीला, हे सरकारलाही ठाऊक नव्हतं. चौकीपुढं तो रोज अंघोळीचं पाणी ओतायचा, तिथं काळ्या मातीचा चिखल होता. त्या चिखलात भुरीचं खूर होतं आणि खुराला लागून माणसाचं एक पाऊल. गंगूबाई उकिडवी बसून ते कितीतरी वेळ बघत राहिली. मग घरनं टोपली आणली, पावलावर पालथी घातली, वर दगड ठेवला.

ही त्या मुलखातली जुनी रीत. चोरीचा माग सापडला की चांगलं पाऊल टोपलीखाली झाकायचं आणि सरकारी माणसाची वाट बघायची. त्यानं येऊन पाऊल बघायचं, मग त्याच्यासमोर माग पुढं न्यायचा. माग ज्या गावाच्या शिवेत शिरला, त्या गावानं तो पलीकडच्या शिवेतनं बाहेर काढून दाखवायचा. नाही दाखवला तर गेलेलं जनावर त्या गावानं भरून द्यायचं. होळकरशाहीत सगळी गावं असं एकमेकांवर डोळा ठेवून होती. आता संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं होतं, चार वर्षं झाली होती, असला कायदा कुठं उरला नव्हता. पण कायदा गेला तरी भीती अंगातनं जात नाही. भुरीचा माग आपल्या शिवेत शिरलेला बघून पलीकडच्या गावच्या लोकांनी सकाळी सकाळीच त्यावरनं शंभर शेळ्या हाकल्या. आजोबांपासूनची सवय! माग गेला, आणि चोराला आयती वाट मिळाली.

राहिलं एकच पाऊल, टोपलीखालचं.

गंगूबाई चालत खरसोड्याच्या ठाण्यात गेली. ठाणेदार उदयसिंह उन्हात दाढी करवून घेत होता.

"साहेब, म्हैस चोरीला गेली. रपट लिहा."

"चोरी नाही, बाई. भटकली असेल. जनावर आहे, भटकतं."

"दावं कापून भटकली?"

"दातानं तोडलं असेल."

"साहेब," गंगूबाई म्हणाली, "म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. आपल्याला आहेत, म्हणून आपल्याला वाटतं."

न्हाव्याचा हात हलला. उदयसिंहानं गाल पुसला. "ऐक बाई, क्यूं जान खा रही हो? देवखेडीत तीन वर्षं एक रपट नाही. पूरे इंदूर जिल्ह्यात असं गाव नाही. तुझ्या एका म्हशीसाठी मी ते बिघडवू?"

"मग येऊन पाऊल तरी बघा. झाकून ठेवलंय."

"येतो ना," ठाणेदार म्हणाला. "तू हो पुढं."

गंगूबाई पुढं झाली आणि टोपलीजवळ बसली. काळी माती ओली आहे तोवर लोण्यासारखी, सुकली की तडकून तिच्या फाका होतात. म्हणून ती दर दोन तासांनी टोपलीवर ओलं पोतं टाकायची. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. शिपाई खाटेवर बसून तिच्याकडं बघायचा आणि बिडी ओढायचा.

तिसऱ्या दिवशी गावचे पटेल दौलतराव आले. छातीत वारा भरून आले होते.

"गंगूबाई, उचल ते टोपलं. गावाची इज्जत जाते. पहिल्या तारखेला मला इंदूरला बोलावलंय. बिनगुन्ह्याचं गाव म्हणून साफा बांधणार आहेत, साफा!"

"बांधा की. आणि चौकीचं काय?"

"चौकी उठणार. गुन्हाच नाही तर चौकी कशाला? शिपाई दुसरीकडं जाणार. याचा अर्थ कळतो का तुला? सरकारनं गावावर विश्वास टाकला."

गंगूबाईच्या डोक्यात तिडीक गेली. "पटेल, पोराचं अंग चटकत असताना हात लावायचा नाही आणि ताप नाही म्हणून वैद्याला घालवून द्यायचं, हा कुठला विश्वास? लक्ष्मणचे बैल काय तीर्थाला गेले? तुमच्या साफ्यात गावातलं काय काय गुंडाळलंय, ते उलगडून बघा एकदा!"

"शिपाई तसाही झोपतो," पटेल पुटपुटले.

"झोपेना का. खाट तर आहे."

पटेल गेल्यावर रमा कुंभारीण भाकरी घेऊन आली. ती बिचारी सरळ बाई, मनात आलं ते बोलली. "काकी, त्याच सकाळी तू शीव ओलांडून नुसती पळत गेली असतीस, तर भुरी धारच्या सडकेवर दिसली असती गं. तू बसलीस सरकारची वाट बघत."

हे मात्र गंगूबाईला लागलं. कारण खरं होतं. बापानं शिकवलेली रीत तिनं पाळली होती: सरकारी माणसाशिवाय शीव ओलांडायची नाही. ती रीत पाळणारी आता ती एकटीच उरली होती. सरकारनं आपली बाजू कधीच सोडली होती, आणि ते तिला कुणी सांगितलंही नव्हतं. तीन दिवस ती चिखल ओला करत बसली आणि म्हैस परमुलखात गेली. ती भाकरी तिनं खाल्ली नाही.

मग ती उठली, घरनं कुदळ आणली आणि पावलाभोवती आणि खुराभोवती माती वीतभर खोल कापली. आख्खी ढेप उचलून घमेल्यात ठेवली, वर ओलं पोतं घातलं. खाटेवरचा शिपाई म्हणाला, "ओ बाई, सरकारी जागा आहे."

"लक्षात ठेव हं हे," गंगूबाई म्हणाली. "तूच म्हणालास."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटम्याहून इंदूरच्या मोटारीत ती घमेलं मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर म्हणाला, "बाई, काय आहे?"

"पाऊल आहे."

शेजारच्या म्हातारीनं लगेच हात जोडले. "कुठल्या देवाचं गं?"

"चोराचं."

म्हातारीनं हात सोडले आणि बोचकं घट्ट धरलं.

इंदुरात तिचा चुलत भाचा होता, बाळकृष्ण. स्नेहलतागंजात दोन खोल्या, पोलिसांच्या मोठ्या कचेरीत कारकुनी, नाकावर चष्मा. त्याची बायको पद्मजा हिनं आत्याबाईंना चहा दिला आणि घमेल्याखाली आधी वर्तमानपत्र सरकवलं.

"आत्या, हे कचेरीत न्यायचं? लोक हसतील."

"हसू दे. तू साहेबांच्या दारापर्यंत ने, पुढं मी बघते. माझा भाचा आहेस हे सांगू नकोस, जा."

कचेरीत साहेबांच्या मागच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता. गावांची नावं, पुढं गुन्ह्यांचे आकडे. गंगूबाईला अक्षरओळख बेताची, पण देवखेडीपुढचं शून्य तिला दिसलं. लाल शाईचं, गोल गरगरीत. ते कुणी काढलंय हे तिला भाच्याच्या कानांवरनं कळलं. लाल झाले होते.

साहेब भला माणूस होता, म्हणजे ओरडला नाही. तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, रपट ठाण्यात लिहितात. इथं नाही. ठाण्यात जा."

"ठाण्यात जाऊन आले. ते म्हणतात, चोरी झालीच नाही." तिनं घमेलं टेबलावर ठेवलं आणि पोतं काढलं. "बघा साहेब. हे खूर माझ्या भुरीचं, टवका उडालेलं. आणि हा चोर. काय दिसतं?"

"पाऊल."

"अर्धं पाऊल. टाच कुठाय? बोटं रुतली आहेत खोल आणि टाच टेकलीच नाही. गोठ्यापासून चौकीपर्यंत तो टाच आपटत आलाय, बापाचा रस्ता असल्यासारखा. चौकीपुढं चवड्यावर चालला. आत शिपाई नव्हता, नुसती खाट होती, तरी चवड्यावर चालला! तुम्ही पहिल्या तारखेला ती खाट उचलणार. मग तो टाच टेकून चालेल साहेब, आमच्या उंबऱ्यापर्यंत."

साहेब पावलाकडं वाकून बघत राहिला. दारात दोनचार कारकून जमले. मग त्यानं मान वर केली. "बाई, तुझं म्हणणं पटतं. पण कागदावर काही नाही. कागदाशिवाय मी काय करू?"

आता गंगूबाईनं चौरंगावर बसावं तशी फरशीवर बैठक मारली.

"कागद पाहिजे? लिहा. मी, गंगूबाई पांढरे, राहणार देवखेडी. सरकारी चौकीच्या अंगणातनं कुदळीनं खोदून सरकारी माती चोरली. माल टेबलावर आहे. शिपाई साक्षीदार आहे, 'सरकारी जागा आहे' म्हणाला तो. मोटारभर माणसं साक्षीदार आहेत. ही तर चोरी झाली ना? की मीपण भटकले?"

दारातलं कुणी तरी हसलं. साहेब हसला नाही. दहा माणसांसमोर चोर गुन्हा कबूल करतोय आणि पोलिसांचा साहेब लिहून घेत नाही, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सराफ्याच्या बाजारात पोचली असती. त्यानं चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला आणि एका जमादाराला म्हणाला, "हिला आणि हे घमेलं खरसोड्याला ने. ठाणेदाराला म्हणावं, हूबहू लिहून घ्या."

दाराशी बाळकृष्ण हळूच म्हणाला, "आत्या, अगं पोलिसांच्या वहीवर नाव लागेल. जन्मभर."

"म्हशीचं लागत नाही ना रे बाळ्या. मग माझं लागू दे."

ठाण्यात उदयसिंहानं चिठ्ठी दोनदा वाचली. मग तीन वर्षं न उघडलेलं देवखेडीचं पान उघडलं आणि टाक बुडवला.

"काय चोरलंस?"

"चोराचं पाऊल."

"माती लिहितो."

"साहेबांची चिठ्ठी हूबहूची आहे. पाऊल लिहा."

उदयसिंहानं दात खाल्ले. "कुठल्या चोराचं पाऊल?"

"म्हैस चोरणाऱ्याचं."

"कुठली म्हैस?"

"हां," गंगूबाई म्हणाली, "आता बरोबर विचारलंत. घ्या लिहून. भुरी, पाच वर्षांची, पुढच्या उजव्या खुराला टवका, पौष वद्य तृतीयेच्या पहाटे, दावं कापून."

जमादार शेजारी उभा होता. लिहावं लागलं.

पटेलांना साफा मिळाला नाही. त्यांनी वर्षभर गंगूबाईकडं पाठ केली, आणि पाठ त्यांना शोभायचीही. भुरी परत आली नाही. तिला शोधायला कुणी गेलंच नाही. गुन्हेगार सापडलेला होता ना! कोर्टानं गंगूबाईला समज देऊन सोडलं. पण तक्त्यावर देवखेडीपुढं एक आला, आणि ज्या गावात वहीवरचा चोर आहे, त्या गावची चौकी उठवता येत नाही, असा नियम निघाला. चौकी राहिली. म्हणजे तीन वर्षं लुटली गेलेली माणसं ओरडत होती तेव्हा चौकीची गरज नव्हती. एका विधवेनं चिखल उचलला, तेव्हा पडली.

वहीवरच्या माणसाची रोज दिवेलागणीला चौकीत हजेरी घ्यायची, हाही नियमच. त्यासाठी शिपायाला दिवेलागणीला चौकीत असावं लागायचं, आणि त्यानंतर बेटम्याला परत जायला मोटार नसायची.

गंगूबाई कंदील घेऊन रोज जायची, खाटेपुढं उभी राहायची.

"गंगूबाई पांढरे?" शिपाई वही उघडून विचारायचा.

"हजर," ती म्हणायची, आणि कंदील त्याच्या तोंडाजवळ धरून विचारायची, "आणि तू?"

"हजर," शिपाई म्हणायचा.

"मग ठीक," म्हणून ती घरी जायची. जाताना चौकीपुढच्या चिखलात वाकून बघायची.