मास्तरीणबाईंच्या लग्नाचा पुरावा

दप्तरखान्यातल्या कारकुनाला लोक पाठीमागे ‘बंद कपाट’ म्हणत. कुणाचं लग्न कधी झालं आणि पहिलं पोर त्यानंतर कितव्या महिन्यात आलं, ते सगळं त्याच्या हाताखाली. पण तीस वर्षांत तोंडातून एक अक्षर निघेल तर शपथ! चौकस मंडळींनी चहा पाजून पाहिला, त्याच्या बायकोकरवी खोदून पाहिलं. चहा तेवढा फुकट गेला.

त्या दिवशी मात्र कपाटाला घाम फुटला होता. समोर निवृत्त मास्तरीणबाई उभ्या. नवरा जाऊन तीन महिने झालेले, आणि धाकटा दीर म्हणत होता की लग्न झालंच नव्हतं, तेव्हा भावाच्या दोन खोल्या माझ्या. उद्या सकाळी सुनावणी. नोंदीची नक्कल आजच हवी, आणि साडेचारला साहेब सही-शिक्का आवरून घरी जाणार. चार वाजून गेले होते. लग्नाची तारीख बाईंना पाठ होती. नोंदणी मात्र त्याच वर्षी पुढे कधीतरी सवडीनं केलेली, महिना आठवेना.

त्या वर्षाची नावांची सूची नळ फुटून भिजली होती. नोंदवहीत नावं लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, आणि बाईंच्या नवऱ्याची सही म्हणजे इतरांसारखाच एक गिरगोटा. म्हणून कारकून नेहमीसारखा सह्यांच्या रकान्यावरून बोट फिरवत बाईंची सही शोधत होता. पाचशे नोंदी झाल्या. बाईंची सही नाही.

“नसलेलं कुठून सापडणार?” बाकावरून दीर म्हणाला. खास मजा बघायला आला होता. “उगाच त्या माणसाचे डोळे फोडताय.”

“भाऊजी, तुमचे शाबूत आहेत ना? मग गप्प बसा.”

कारकुनानं वही पुन्हा पहिल्या पानावर आणली. “बाई, नोंदणीच्या दिवशीचं काहीही सांगा. काहीही.”

“काय सांगू? यांनी माझी वेणी घातली. इतकी वाकडी, की साक्षीदार हसले.”

“यांनी? का हो?”

“माझा उजवा हात प्लास्टरमध्ये. यांच्याच स्कूटरवरून पडले होते.”

कारकुनाचं बोट थबकलं. “मग सही कशी केलीत?”

बाईंचा चेहरा उतरला. “डावा अंगठा दिला. शाळेत फळ्यावर लिहिणारी मी! कुणाला सांगितलं नाही कधी.”

“अहो, शिकलेल्या बाई म्हणून मी अंगठे बघितलेच नाहीत!”

पानं फडफडली. सव्वाचार. एक अंगठा, दुसरा, सातवा. विसाव्या अंगठ्यापाशी तो वहीत नाक खुपसून नावं वाचत बसला, आणि बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

“सापडली.”

दीर उठून आला. “अंगठा काय, कुणाचाही असेल.”

आणि बंद कपाट बोललं! “शेजारी तुमच्या भावाची सही आहे, ओळखा. अंगठा अजून बाईंच्या हातालाच आहे; उद्या जुळवून घ्या म्हणावं. माझा चष्मा हवाय का?”

दीर थांबला तो थेट बाहेरची पायरी उतरूनच. आत नक्कल उतरवली गेली, कारकून ती घेऊन साहेबांच्या खोलीकडे अक्षरशः धावला, आणि पिशवी खांद्याला लावलेल्या साहेबांना त्यानं पुन्हा खुर्चीत बसवलं. शिक्का उमटला.

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “आणखी एक मिळेल का हो, सोमवारी आले तरी चालेल. भाऊजींच्या घरी भिंतीवर लावायला.”