जाऊबाईंचा पाव्हणा

आमच्या थोरल्या जाऊबाई स्वतःच्या दुखण्याला पाव्हणा म्हणायच्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. घरातले पुरुष मुंबईला, त्यामुळे शेत, गोठा आणि सासूबाई हे सगळं त्यांच्याच अंगावर. एकदा अचानक त्यांचा डावा डोळा धुरकटला आणि महिन्याभरात आपोआप निवळला. "आला तसा गेला. पाव्हणाच तो," म्हणाल्या.

पुढच्या भातलावणीत मान खाली घातली की पाठीतून करंट जायला लागला. "चिखलात करंट कुठनं येतो गो?" म्हणून बायका हसल्या. चारच दिवसांत कमरेखालचं अंग बधिर झालं, तेव्हा हसणं थांबलं. पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय बघून नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणारी ताकदच उलटते आणि नसांवरचं आवरण कुरतडते. झटका आला की सलाईनमधून स्टेरॉइड, आणि पुढचे झटके कमी व्हावेत म्हणून बरं वाटत असतानाही इंजेक्शन. जाऊबाईंनी ते कधी चुकवलं नाही. पाव्हणा गेला तरी दाराला कडी घालायची, हे त्यांना पक्कं पटलं होतं.

मग दोन वर्षं झटका नाही. सासूबाईंनी देवीला नारळ फोडला. मला मात्र जाऊबाईंची उजवी चप्पल दिसत होती, पुढून पार झिजलेली. पाय घासत होता. काठी घ्या म्हटलं की खेकसायच्या, "झटका आला का? नाय ना? मग गप ऱ्हा."

शेवटी सासूबाईंनी फर्मान काढलं, सवच्या गरम कुंडात शेकायचं. आमच्याकडे कुणाचा गुडघा धरला, कंबर धरली की महाडजवळच्या सवला न्यायचं, हा रिवाजच. जाऊबाई गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या, सुखावल्या. उठायला गेल्या आणि माझं मनगट आवळलं.

"गो, मला तू दिसत नायस."

पायही उचलेनात. खाली दगड गुळगुळीत, आणि त्यांचा सगळा भार माझ्यावर. दोन अनोळखी बायकांनी धावत येऊन बखोटीला धरून त्यांना वर ओढलं. ओल्या लुगड्यानिशी रिक्षात घातलं. महाडला पोचेपर्यंत वारा लागून त्यांना दिसायला लागलं, पायांतही जीव आला. सासूबाई म्हणाल्या, देवी पावली. मी मात्र जाऊबाईंना पुण्याला घेऊन गेले.

"हा नवा झटका नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखावलेल्या नसांना उष्णता सोसत नाही. अंग निवलं की पूर्ववत होतं. पण पाय कधीपासून घासतोय?"

मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंना चालवून बघितलं, पुन्हा एमआरआय काढला.

"झटके येऊन जाणारा प्रकार आता हळूहळू चढणाऱ्या प्रकारात गेलाय. त्यात झटका न येताही दुखणं वाढतं. औषध बदलू, व्यायाम नेटानं करा. वेग कमी करता येईल. गेलेलं सगळं परत आणेन, असं मी म्हणणार नाही."

वाडीखाली जीपमधून उतरलो. चढ समोर. जाऊबाईंनी तो नजरेनं मापला.

"म्हंजे पाव्हणा नाय गो हा. घरजावई हाय."

मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? घरजावई झाला म्हणून सातबारा त्याच्या नावावर करायचा नसतो." आणि कुंपणाची एक काठी उपसून त्या चढायला लागल्या.

यंदा लेकानं त्यांना मुंबईला नेलं, तिथे व्यायाम घ्यायला माणूस घरी येतो. निघायच्या दिवशी गाडीपर्यंतची उतरण त्या काठी टेकत उतरत होत्या. न राहवून मी हात पुढे केला.

"मागनं ये," त्या म्हणाल्या. "पडले तर धर. पडायच्या आधी धरू नको."