गाळलेलं कडवं

आमचे दादा, म्हणजे वडील, कारखान्यात फिटर होते. पण येरवड्यात त्यांना ओळखायचे ते गाण्यांमुळे. जयंतीला, लग्नाला त्यांची गायन पार्टी बसायची. गाणं स्वतः लिहायचं आणि शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही तेव्हाच्या सगळ्याच गायकांची रीत. आपलं नाव दुसरं कोण छापणार होतं? गाण्यातच घालून ठेवलेलं बरं.

मी अठराची असताना त्यांच्या एका गाण्याची कॅसेट निघाली. गाणारी मी. टेप संपत आली तेव्हा कॅसेटवाल्याने मला विचारलं, शेवटचं कडवं गाळलं तर चालेल ना? मी लगेच मान डोलावली. आपला आवाज लाउडस्पीकरवर वाजणार, एवढंच डोक्यात. कव्हरवर लेखक म्हणून त्याच्या मेव्हण्याचं नाव होतं. त्या गृहस्थाने उभ्या जन्मात एक ओळ लिहिली नसावी. दादांनी कॅसेट ऐकली आणि "तुझा आवाज छान आलाय" एवढंच म्हणाले. त्यांनी मला झापायला हवं होतं.

दादा गेले, गाणं वाजतच राहिलं. कुठल्याही कार्यक्रमात ते संपलं, की शेजारी बसलेल्या आईचे ओठ हलत राहायचे. गाळलेलं कडवं ती मनाशी पुरं करायची. एरवी नवऱ्याचं नाव न घेणारी आई तिथे ते घ्यायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या वर्षी नारायण पेठेतल्या एका स्टुडिओत तेच गाणं नव्याने करायला मला बोलावलं. पट्टी दोन सुरांनी खाली घेतली, कारण साठीत गळा आपलं ऐकत नाही. सगळं जमलं आणि संगीत करणारे गृहस्थ म्हणाले, गाणं लांबतंय, शेवटचं कडवं काढू या. हल्ली तिथपर्यंत कोणी ऐकत नाही.

"एक बाई ऐकते," मी म्हटलं. "चाळीस वर्षं ऐकतेय. कापायचंच असेल तर पहिलं कापा."

त्यांनी कडवं राहू दिलं. मी गायले. दादांच्या नावावर आवाज थरथरला. पुन्हा घेऊ म्हणाले, मी नको म्हटलं.

घरी मोबाइल आईच्या कानाशी धरला. शेवटी सवयीने तिचे ओठ हलले आणि माझा आवाज ऐकून थांबले. दादांचं नाव आलं, गाणं संपलं.

"आता मला म्हणायला नको," ती म्हणाली.