लोमट्यांचा चिखल

मिसबा बागवान कर्वेनगरात दर रविवारी रशियन शिकवते. तिच्या तिरकस बोलण्याला वर्ग हसायचा आणि ते तिला आवडायचं.

त्या रविवारी तिने फळ्यावर 'बोलोतो' लिहिलं. म्हणजे दलदल. पुढच्या बाकावर उत्तरेश्वर लोमटे आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी पायल बसले होते. लोमटे मूळचे कळंबचे, चाकणच्या एका कारखान्यात फिटर. पोरीसोबत शिकायचं, हा हट्ट त्यांचाच.

"मॅडम, ह्याचा अर्थ चिखल बी होतो का?" त्यांनी विचारलं. "मशीन बसवायला सर्बियाचे एक साहेब आले होते. आवारात बूट माखले की 'ब्लातो, ब्लातो' म्हणायचे. त्यातलाच शब्द हाय का ह्यो?"

"काहीही संबंध नाही," मिसबा म्हणाली. "आणि अहो लोमटे, भाषा कारखान्याच्या आवारात शिकायची असेल, तर इथे कशाला येता?"

वर्ग हसला. पायलही हसली आणि लगेच वहीत मान खाली घातली. लोमट्यांनी पेनाचं टोपण लावलं.

बुधवारी पुढच्या धड्याची तयारी करताना मिसबाने व्युत्पत्तिकोश उघडला. 'बोलोतो' आणि 'ब्लातो' एकाच जुन्या स्लाव शब्दातून आलेले. रशियनांकडे त्याची दलदल झाली, सर्ब आणि चेक लोकांकडे चिखल. लिथुआनियन भाषेतला 'पांढरा' या अर्थाचा शब्दही त्याच्याच नात्यातला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. साचलेलं पाणी चकाकतं, म्हणून. पुढचं तिला वाचवेना.

तिने लोमट्यांना फोन लावला. "तुमचं बरोबर होतं. मी चुकले, आणि वर तुम्हाला बोलले."

"चुकायचं काय, समदेच चुकतात," ते म्हणाले. "पोरगी शेजारी होती मॅडम."



रविवारी पायल एकटीच आली. मिसबाने सगळ्या वर्गासमोर तिच्या वडिलांचं नाव घेतलं, दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि घडलेली चूक आणि आपला उर्मटपणा, दोन्ही सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. पायल रडली.

लोमटे तीन आठवड्यांनी परतले. आता ते मागच्या बाकावर बसतात, नियमित गृहपाठ करतात. प्रश्न मात्र विचारत नाहीत. "काही शंका?" असं म्हणताना मिसबाला अजूनही त्या बाकाकडे बघवत नाही.