मान न वळवता बघायचा उजेड

गल्लीतल्या वेल्डरला सगळे ठोश्या म्हणत, आणि ते काही उगाच नाही. त्याचे हात तोंडाआधी बोलत. एक ट्रकवाला, दोन शेजारी आणि सख्खा चुलतभाऊ, एवढ्यांनी त्याच्यापायी दात गमावले होते.

तोच ठोश्या सात महिने गाईसारखा गरीब झाला. पार उत्तरेच्या टोकाला आकाशात हिरवे उजेड नाचतात, ते बायकोला दाखवायचे होते. एजंटाने बजावलं होतं, "व्हिसाला पोलिसांचा दाखला लागतो. एक जरी तक्रार झाली, तर बसा घरी!"

बायको वीस वर्षं त्याच्या हाताखाली. ती लोखंड धरायची, तो ठिणगी पाडण्याआधी ओरडायचा, "मान वळव!" काळी काच एकच, ती याच्या तोंडावर. "एक तरी उजेड तुला डोळे भरून दाखवीन," असं तो एकदा बोलून बसला होता.

गल्लीला आयतंच फावलं. न्हावी तर येता-जाता टपली मारायचा. "काय ठोश्या, हात आत्तापासूनच गारठले?"

कळस केला मेहुण्याने, बायकोच्या धाकट्या भावाने. तो धंद्यात भागीदार. "एवढं गेटचं काम टाकून आकाश बघायला चाललात, दाजी?" म्हणत त्याने बुक्की हाणली. ओठ फाटला, दात जमिनीवर. ठोश्याने हात पाठीमागे घट्ट अडकवले. दुसरी बसली, नाकाचं हाड वाजलं. हात मागेच. मग मेहुण्याने टेबलावरचे पासपोर्ट उचलले आणि ग्राइंडर सुरू केला.

हातोडी उचलली ती बायकोने. वेल्डिंगवरचे पोपडे काढायची, टोकदार. पहिला घाव मनगटावर, दुसरा गुडघ्यावर. हाडं काडीसारखी मोडली. तिसरा टाळक्यात बसणार, तोच ठोश्या ओरडला, "मान वळव!"

वीस वर्षांची सवय. तिने मान वळवली, घाव हुकला.

"कोणी मारलं?" पोलिसाने विचारलं.

"मी," ठोश्या फुटक्या तोंडाने म्हणाला.

बहिणीचा मार खाल्ला म्हणायला मेहुण्याची जीभ रेटेना. "दाजींनीच," तो कण्हला. "चौघांनाही आवरले नसते ते!"

ठोश्याचा दाखला बुडाला. बायको एकटी जायला तयार नव्हती. "जा, नाहीतर माझं नाक फुकट फुटलं," म्हणून त्याने एकटीला पाठवलं. जामिनावर सुटलेल्या ठोश्याला तिचा तिथून फोन आला.

"दिसला?"

"आधी पाठच केली मी. मग वळले."

"आणि?"

"अहो, डोळे नाही हो दुखत!"

ठोश्याने फोन ठेवला. आता दाखल्याची भीती नव्हती. त्याने बाह्या सरसावल्या आणि सरळ न्हाव्याचं दुकान गाठलं.