पाट मांडू द्यायचा नाही

कर्जत स्टेशनामागच्या आमच्या आळीत कोण राहायला आलं आणि कोण आळीचं झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा निकाल देवीच्या पालखीच्या दिवशी लागतो. ज्या दारात रांगोळी आणि पाट, तिथे पालखी टेकते. मांडलेला पाट ओलांडून ती पुढे नेत नाहीत.

आधी भाताचे गुजराती व्यापारी आले. मग घाटावरून रेल्वेच्या कामाला माझे आजोबा. आळीने त्यांना 'घाटी' म्हटलं आणि पाट मांडू दिला नाही. तो मान वडिलांच्या वेळी मिळाला. आजोबांना तो नाकारला म्हणून आजी आळीला मरेपर्यंत शिव्या घालत असे. आता व्यापाऱ्यांची मुलं पनवेलला गेली आहेत आणि त्यांच्या खोल्यांत फार्महाऊसवर लादी बसवणारे बिहारी राहतात.

त्यांतल्या एकाची बायको आळीभरच्या साड्यांना फॉल लावते. यंदा तिने माझ्या आईला विचारलं, "काकी, या वेळी मी पाट मांडू?"

"आमच्याकडं जादाचा नाय."

"माझा आहे. विकत आणला."

"मग त्यावर बसून जेव."

ओट्यावरची शेजारीण हसली. "देवी आता हिच्याकडं लिट्टी खायला जानार गं!"

तरी बाईने पाट मांडला. भोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी काढली. नवरा कामावर खाडा करून, नारळ घेऊन दारात उभा होता. पालखीच्या पुढच्या दांडीला मी होतो, शेजारी माझा वर्गमित्र. पुढचे दोघे थांबले की पालखी थांबते.

मित्राने पाऊल आखडलं. मागून कमिटीचे काका ओरडले, "चल रं! काय हाय तिथं?"

"पाट हाय, काका."

"भैयाचा हाय. चल."

मित्र थांबतच होता. मी दांडी पुढे रेटली. एकाने रेटलं की दुसऱ्याला चालावंच लागतं. पाटाला वळसा घालताना माझा अनवाणी पाय रांगोळीत पडला. मी तिकडे बघितलं नाही.

पुढचं दार आमचंच. पालखी टेकली. आईने रिवाजाप्रमाणे आमच्या पायांवर तांब्याने पाणी घातलं, मग माझ्या पायाकडे पाहून दुसरा तांब्या भरला.

"घास नीट," ती म्हणाली. "त्यांचं पीठ घरात नको."

मी पाय घासला.